कालव्याच्या तळाशी व्याही

सूचौच्या लोकांची एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. ते अपमान इतक्या मऊ आवाजात करतात, की आपला अपमान झाला हे आपल्याला घरी येऊन, चपला काढून, चहा ओतून घेतल्यावर कळतं. तोपर्यंत आपण "छे छे, तुमचंच आपलं काहीतरी" असं म्हणून हसून मोकळे झालेले असतो.

माझे होऊ घातलेले व्याही, श्रीयुत फान, सूचौचे. माझी मुलगी निंगनिंग नानजिंगला नोकरी करते, त्यांचा मिंगशूही तिथेच, आणि दोघांचं जमलं. जमलं तर जमलं. आमची ना नव्हती. मुलगा उंच आहे, दारू पीत नाही आणि जेवताना मोबाइल उलटा ठेवतो. पण दोन्हीकडच्या आईबापांनी एकदा समोरासमोर बसल्याशिवाय पुढची बोलणी होत नाहीत, आणि मिंगशूच्या आईच्या मनात आमच्याबद्दल एक अढी होती. अढी एवढीच, की आम्ही नदीच्या उत्तरेचे. यांगत्सेच्या दक्षिणेला जन्मलेल्या माणसाची अशी समजूत असते की उत्तरेचे लोक कच्चा लसूण खातात आणि मोठ्याने बोलतात. लसूण आम्ही खातो, ते खरं आहे. मोठ्याने बोलतो हे साफ खोटं आहे, आणि तसं मी त्यांना ओरडून सांगायला तयार होतो.

पहिली भेट मोबाइलच्या पडद्यावर झाली. फान साहेबांच्या मागे पुस्तकांचं कपाट होतं. "आमचे हे विद्यापीठात होते," फान बाई म्हणाल्या. म्हणजे प्राध्यापक. मग मीही सांगितलं की मी नगरपालिकेतून प्रमुख म्हणून निवृत्त झालो. यात काही खोटं नव्हतं. पथदिवे विभागाचा उपप्रमुख हाही एक प्रकारचा प्रमुखच असतो; पुढची दोन अक्षरं तेवढी घाईत राहून गेली.

मग फान साहेब त्यांच्या त्या मऊ आवाजात म्हणाले, "कालवा तुमच्याकडेही येतो ना? अजून पाणी असतं का हो त्याला?"

मी म्हणालो, "छे छे, तुमचंच आपलं काहीतरी." आणि चहा ओतताना माझा हात थांबला. पाणी असतं का म्हणजे? अरे, कालवा एकच! दक्षिणेतून थेट राजधानीपर्यंत जाणारा; सूचौवरून जातो तोच आमच्याकडे येतो. आणि यांच्या दारातून गेलेला तांदूळ बादशहाकडे जायच्या आधी आमच्या गावात थांबायचा, कारण धान्याचा सुभेदार बसायचा आमच्या गावात. सूचौच्या होड्या आमच्या शिक्क्यासाठी दिवसचे दिवस ताटकळत उभ्या राहायच्या, आणि म्हणे पाणी असतं का! गावाचं नाव मी इथे सांगत नाही, कारण ज्यांच्याबद्दल पुढे लिहायचं आहे ते उद्यानाचे साहेब अजून नोकरीत आहेत. पण त्याच क्षणी मी ठरवलं, की फान साहेबांना आमचं ऐतिहासिक कालवा उद्यान दाखवल्याशिवाय परत पाठवायचं नाही.

"त्यांना घरी जेवायला घाला," माझी बायको यूछिन म्हणाली. "माझा मासा चांगला होतो."

"मासा त्यांच्याकडेही असतो."

"आणि कालवा नसतो?"

तिला इतिहासाची गोडी नाही.

निंगनिंगचा फोन आला तो वेगळाच. "बाबा, एक दिवसाचा प्रश्न आहे. सकाळी येतील, संध्याकाळच्या गाडीने जातील. जेवण घाला, चहा पाजा, गाडीत बसवून द्या. काही दाखवायला जाऊ नका. मिंगशूची आई मनापासून हो म्हणाली नाही तर तो तिच्या विरुद्ध जाणार नाही, आणि मीसुद्धा त्याला जा म्हणणार नाही. मला माझ्या लग्नात कुणाची सुतकी तोंडं नकोयत. कळलं ना?"

"कळलं," मी म्हणालो. पोर लहानपणापासून काळजी फार करते.

आमच्या इमारतीत गुपित राहत नाही. कारण आमच्या खालच्या मजल्यावर हाओ ताई राहतात. त्या सकाळ-संध्याकाळ चौकात बायकांना घेऊन ढोलावर नाच बसवतात, आणि नाचाच्या मधल्या विश्रांतीत सगळ्या इमारतीचं व्यवस्थापन करतात. "सूचौच्या बाईसमोर यूछिनने लाल घालू नये," त्यांनी निकाल दिला. "आणि तुम्ही लाओ बियान, हसू नका. हसलात की तुमचा तो बाजूचा दात दिसतो." 'लाओ' म्हणजे म्हातारा; त्या वयाचा आणि माझ्या हुद्द्याचा विचार करून मी ओठ मिटून दात झाकला.

उद्यानाला प्रवेश मोफत आहे, आणि मोफत असल्यामुळेच आत शिरणं महाकठीण आहे. मोबाइलवरून आधी नोंदणी करायची, आणि नोंदणीला येणाऱ्या प्रत्येकाचा ओळखपत्राचा नंबर द्यायचा. आता होणाऱ्या व्याह्यांना कोणत्या तोंडाने सांगणार की तुमचा ओळखपत्राचा नंबर पाठवा? पाहुण्याला दारात अडवून 'तू नक्की तूच ना' असं विचारण्यासारखं ते. यूछिनचे डोळे मात्र चमकले. "त्या नंबरात जन्मतारीख असते," ती म्हणाली. "मुलाचाही मागून घ्या हातासरशी. पत्रिका बघून घेते." मी तिला गप्प केलं आणि स्वतःच उद्यानाच्या खिडकीवर जाऊन उभा राहिलो.

खिडकीतली मुलगी सूर्यफुलाच्या बिया सोलत होती. मी तिला विचारलं की तो जुना दगडी हौद चालू असतो ना. कारण सगळी मजा त्या हौदात आहे. दोन्ही टोकांना दरवाजे असलेला उंच भिंतींचा हौद; होडी आत घ्यायची, मागचा दरवाजा लावायचा, पाणी सोडून द्यायचं, होडी अलगद खाली बसते, मग पुढचा दरवाजा उघडून खालच्या पातळीवर निघून जायचं. वाडवडिलांनी हे केलं तेव्हा सूचौवाले आपल्या त्या नावाजलेल्या बागांत बसून दगडांना नावं ठेवत होते.

"सोमवार ते शुक्रवार दरवाजे बंद असतात," मुलगी म्हणाली.

"आणि शनिवार-रविवारी?"

"देखभाल."

"मग चालतो कधी हा हौद?"

तिने एक बी सोलली. "वरून पाहणी आली की."

हे मी वरच्या मजल्यावरच्या लाओ चूला सांगितलं, आणि इथेच मी घसरलो. लाओ चू हा जन्मभर जिल्हा कचेरीत दुसऱ्यांच्या भाषणांवर मान डोलावत बसलेला माणूस. त्याला सल्ला द्यायला कुणी सापडला की त्याचं तोंड उजळतं. "एवढंच ना?" तो म्हणाला. "मग पाहणी ठेवू. माझा मेहुणा त्याच खात्यात आहे. मी नुसतं म्हणतो, अमुक दिवशी वरून काही माणसं येतायत, अनौपचारिक, गाजावाजा नको."

"आणि नावं विचारली तर?"

लाओ चूने माझ्याकडे दयेने पाहिलं. "लाओ बियान, तू एवढी वर्षं नोकरी केलीस ना? वरून येणाऱ्याला नाव विचारायची छाती आहे कुणाची?"

मला ते पटलं. मी पथदिव्यांत असताना एकदा एका माणसाला आख्खा दिवस सगळे खांब दाखवत हिंडवलं होतं. तो छत्री विसरला म्हणून आमच्या कचेरीत शिरला होता.

ठरल्या दिवशी फान पतिपत्नी स्टेशनवर उतरली. फान साहेब करड्या कोटात, फान बाई मोत्यांच्या साध्या माळेत, आणि हातात रेशमी फीत बांधलेला मिठाईचा डबा. आमच्याकडेही डबा होता, आमच्या गावच्या तळलेल्या कुरकुरीत शेवयांचा. डबे देण्याघेण्याचा कार्यक्रम स्टेशनातच झाला. नको नको, घ्या घ्या, एवढं कशाला, काहीच नाही हो, असं तीनदा इकडून आणि तीनदा तिकडून झाल्यावर प्रत्येकाने दुसऱ्याचा डबा घेतला. अर्थात उघडला नाही. देणाऱ्यासमोर भेट उघडणं म्हणजे तिची किंमत करणं. इतकी वाईट चाल उत्तरेलाही नाही. तर ते दोन डबे दिवसभर आमच्याबरोबर हिंडले, हे लक्षात ठेवा.

उद्यानाच्या दारात भलामोठा लाल कापडी फलक होता. 'मार्गदर्शनासाठी पधारलेल्या मान्यवरांचे मनःपूर्वक स्वागत!' फलकाखाली उद्यानाचे व्यवस्थापक पांग उभे, पांढरा शर्ट, कपाळावर घाम, आणि मागे कर्मचाऱ्यांची रांग. आम्हाला बघताच त्यांनी टाळ्या सुरू केल्या.

"हे... आपल्यासाठी?" फान साहेबांनी विचारलं.

"छे छे," मी म्हणालो. पण अशा आवाजात, की ऐकणाऱ्याला 'हो' ऐकू यावं.

फान बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात मी काय होतो ते मला दिसलं. प्रमुख! अख्ख्या आयुष्यात माझ्याकडे कुणी असं पाहिलं नव्हतं. यूछिनने तर नाहीच. त्या क्षणी लाओ चूसाठी मी काहीही केलं असतं.

नेहमी या उद्यानात पाय ठेवायला जागा नसते. गळ टाकून बसलेले म्हातारे, पतंगवाले, पत्ते कुटणारे. आज शुकशुकाट. सगळ्यांना हाकलून दिलं होतं. "किती स्वच्छ आहे हो बाग," फान बाई गोड हसून म्हणाल्या. "कुणी येतच नसेल ना फारसं?" मी हसलो. दात दिसला असणार.

फान साहेबांचं मात्र मनापासून चाललं होतं. "आमच्याकडे कालवा घरामागूनच जातो, भाजी धुताना दिसतो. सवयच झालीय. इथे त्याची बाग केलीत, तेही बरंच केलंत. दुर्मीळ वस्तू जपावीच लागते." पुढे म्हणाले, "या कोपऱ्यात बांबू असता तर बरं दिसलं असतं." आणि मागून पांग ओरडले, "बांबू! लिहून घ्या! आजच!" फान साहेब दचकले. पण मग त्यांना गोडी लागली. तो पूल जरा ठेंगणा वाटतो, म्हणाले. हे कंदील भडक आहेत. पांग प्रत्येक वाक्याला "अगदी योग्य निरीक्षण!" म्हणून मान तुकवत होते. आणि मी, ज्याच्या गावचा कालवा, ज्याच्या गावचा पूल, तो मागून दोन्ही डबे सांभाळत चाललो होतो.

घाटावर धान्याच्या जुन्या होडीची नक्कल उभी होती. होडीच्या मधोमध लाल लाकडाची कोरीव खुर्ची, सुभेदाराची म्हणून. बाकीच्यांना कडेने बाकं. पांगांनी कमरेत वाकून हात पुढे केला. "प्रमुख मान्यवरांनी आसन ग्रहण करावं."

तीच ती घडी. आता त्या खुर्चीत मी बसणं शक्य नव्हतं, मी यजमान. आणि फान साहेब बसणं शक्य नव्हतं. बसले तर सूचौची माणसं आयत्या खुर्चीत बसतात असं झालं असतं.

"आधी तुम्ही," मी म्हणालो.

"छे, छे, तुमचं गाव."

"तुम्ही पाहुणे."

"तुम्ही वयाने मोठे."

"दोन महिन्यांनी!"

"मोठे ते मोठेच."

मी त्यांचा कोपर धरून खुर्चीकडे ढकललं. त्यांनी माझा दंड धरून मला ओढलं. माणूस दिसायला चिपाड, पण पंजा लोखंडी. मी हसत हसत त्यांच्या छातीला हात लावून रेटलं, त्यांनी हसत हसत माझ्या पायात पाय घातला. होडी डुलायला लागली. दोन्ही बायका बाकाच्या कडा धरून "बसा हो कुणीतरी!" म्हणत होत्या. जुन्या काळचा पोशाख घातलेल्या नावाड्याने वल्ह्यावर हनुवटी टेकली आणि डोळे मिटले. आम्ही दोघे घामाघूम. माझ्या कोटाचं एक बटण कालव्यात गेलं. शेवटी यूछिन उठली, तिने ते दोन्ही मिठाईचे डबे खुर्चीत ठेवले आणि म्हणाली, "झालं? बसले मान्यवर. चला आता."

पांगांनी डब्यांचा फोटो काढला.

होडी हौदात शिरली, मागचा दरवाजा लागला. पूर्वी कधीतरी सणावाराला ते हातभर पाणी सोडायचे, प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या की परत भरायचे. पण आज पाहणी होती. पांग काठावरून गरजले, "आज पूर्ण! तळापर्यंत! जुन्या पद्धतीने!" आणि आम्ही खाली जायला लागलो. दोन्ही बाजूंच्या दगडी भिंती वर वर गेल्या, शेवाळ आलं, गारवा आला, आकाशाचा एक पट्टा उरला. मी फान साहेबांकडे विजयी नजरेने पाहिलं. आहे का पाणी? आहे का? पाणी बऱ्यापैकी निघून गेलं होतं, ती गोष्ट वेगळी.

मग पुढचा दरवाजा उघडायचा होता. तो कण्हला, एक वीतभर हलला आणि थांबला. परत कण्हला. मग वर कुठेतरी फाट्कन आवाज झाला, जळका वास आला आणि सगळं शांत झालं. पुढचा उघडेना, मागच्याची आणि पाणी भरायच्या झडपेची मोटर तीच, ती जळलेली, आणि आम्ही मधे, विहिरीत पडलेल्या बादलीसारखे.

वरून पांगांचा कर्णा वाजला. "मान्यवरांनी काही काळ प्राचीन शांततेचा अनुभव घ्यावा!"

शांतता कसली? हौदाच्या पुढे खालच्या घाटावर मान्यवरांच्या स्वागताला ढोलपथक उभं केलं होतं, आणि त्यांना सांगून ठेवलं होतं की मान्यवर बाहेर येईपर्यंत थांबायचं नाही. ते थांबले नाहीत. जेवणाची वेळ उलटली, थर्मासमधला चहा संपला, आणि ढोल बडवणं चालूच. आम्ही चौघे समोरासमोर बसून हवापाण्यावर बोललो. ते संपल्यावर मिंगशूच्या उंचीवर बोललो. तेही संपलं. चौघांच्याही नजरा हळूहळू सुभेदाराच्या खुर्चीवर गेल्या. दोन डबे, दोन्हींत खाणं, आणि आमच्या डब्यातलं काय ते त्यांना माहीत नाही, त्यांच्या डब्यातलं काय ते आम्हाला माहीत नाही. फान साहेबांच्या पोटातून आवाज आला. आम्ही सगळ्यांनी तो ढोलाचा समजून घेतला.

तेवढ्यात ढोल थांबले आणि हौदाच्या काठावर लाल-हिरवे पंखे घेतलेल्या बायकांची रांग दिसली. पथकाला कुतूहल आवरलं नव्हतं. रांगेतून एक ओळखीचा आवाज हौदाच्या भिंतींना आपटत खाली आला.

"अय्या! हे तर आमचे तिसऱ्या मजल्यावरचे लाओ बियान! आणि यूछिन, तू लाल घातलंस ना शेवटी?"

हाओ ताई! चौकातलं ढोलपथक त्यांचंच असतं, हे मला कसं सुचलं नाही, याचा मी आजही विचार करतो.

"कोण लाओ बियान?" पांगांचा आवाज.

"अहो, पथदिव्यांमधले! उपप्रमुख होते. आता काय, निवृत्त. आमचा जिन्यातला दिवा अजून लावला नाही त्यांनी."

काठावर कुजबूज झाली. मग कर्णा चालू राहिल्याचं पांगांच्या लक्षात नव्हतं म्हणून सगळ्या उद्यानाला ऐकू गेलं: "पथदिवे? उपप्रमुख? निवृत्त? आणि मी बांबू मागवला!"

मी होडीच्या तळाकडे पाहत बसलो. तोंड वर करायची सोय नव्हती. भिंती उंच, दारं बंद, पळायला जागा नाही. माणसाची अब्रू जावी तर निदान मोकळ्या मैदानात जावी.

"पथदिवे," फान साहेब अगदी मऊ आवाजात म्हणाले.

"उप... प्रमुख," मी म्हणालो.

"वा. प्रकाशाचं काम."

हा अपमान मात्र मला चहाशिवाय कळला. फान बाई मोत्यांची माळ बोटाने फिरवत होत्या. पोरीने एकच गोष्ट मागितली होती. काही दाखवायला जाऊ नका. मला रडू यायचं तेवढं बाकी राहिलं होतं.

"सांगत होते!" यूछिनचा बांध फुटला. पाहुणे, रीतभात, सगळं विसरून ती माझ्यावर धावून आली. "घरी मासा करते म्हणाले होते! पण नाही! यांना कालवा दाखवायचा! जन्मभर गावाचे दिवे लावले, आता पोरीच्या लग्नात हा दिवा लावलात! प्रमुख म्हणे! अहो, कचेरीतला पंखा बंद करायलासुद्धा यांना वरच्याची परवानगी लागायची!"

आणि फान बाई हसल्या. नेहमीचं ते ओठ मिटून नव्हे. खदखदून, माळ हलेपर्यंत.

"ताई, बसा हो," त्या यूछिनला म्हणाल्या. "आमच्याकडे तरी काय निराळं आहे? हे विद्यापीठात होते ना, ते विद्यापीठाच्या खानावळीत होते."

"व्यवस्थापक!" फान साहेब ताडकन उठले.

"पुस्तकांचं कपाट शेजाऱ्यांचं. फोनपुरते तिकडे जाऊन बसले होते." मग त्या उठल्या, सरळ सुभेदाराच्या खुर्चीपाशी गेल्या आणि स्वतः आणलेल्या डब्याची रेशमी फीत दातांनी तोडली. स्वतः दिलेली भेट, घेणाऱ्यांच्या समोर, दातांनी! "मला भूक लागलीय," त्या म्हणाल्या. "उत्तर आणि दक्षिण नंतर बघू. ताई, तुमचाही डबा उघडा."

त्यांच्या डब्यात तांदळाच्या पिठाच्या वड्या होत्या, फुलांचा वास असलेल्या. आमच्या शेवया. सगळ्यांनी दोन्ही डब्यांत हात घातले. मग फान साहेबांनी शेवया चावून डोळे बारीक केले.

"तेल जुनं आहे," ते म्हणाले. मऊ वगैरे काही नाही. साफ आवाजात.

"काय?"

"जुनं तेल! हजार पोरांना जेवू घातलंय मी, मला नका शिकवू!"

"आणि ही वडी? ही वडी आहे की साखरेचं पोतं? मुंग्याही तोंड फिरवतील!"

"गोडाची चव कळायला जीभ लागते! लसूण खाऊन जाळलीत तुम्ही!"

"तुमचा तांदूळ आमच्या शिक्क्यासाठी उभा राहायचा!"

"उभा राहायचा म्हणूनच सडायचा! कालवा मुळात आमचा!"

"कालवा एकच आहे, बेअक्कल!"

"मग तेच तर म्हणतोय!"

हौदात आवाज घुमतो. एक वाक्य टाकलं की तीन परत येतात. वर काठावर गर्दी वाढली होती, हाओ ताईंनी सगळ्यांना जागा करून दिली होती, आणि मोबाइल रोखलेले होते. सूचौचा माणूस ओरडतो! माझ्या डोळ्यांदेखत ओरडत होता, मानेच्या शिरा ताणून, तोंडात माझ्या शेवया धरून. इतका आनंद मला निवृत्तीच्या समारंभातही झाला नव्हता.

यूछिनच्या पिशवीत फोन वाजला. यूछिनचे हात तेलकट होते, म्हणून फान बाईंनी तो घेतला.

"हां, निंगनिंग? हो, मीच. ... कुठला व्हिडिओ? ... अगं, काही नाही गं, आम्ही जेवतोय. ... तुझे बाबा? आहेत इथेच, भांडतायत. ... कुणाशी म्हणजे? तुझ्या सासऱ्यांशी." आणि फोन ठेवून त्यांनी आणखी एक वडी घेतली.

माझं भांडायला उघडलेलं तोंड तसंच राहिलं. फान साहेबांना काही ऐकू गेलं नव्हतं. ते अजून सूचौच्या पाण्याचे गुण सांगत होते. यूछिनने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. तिने घाईघाईने रुमाल चाचपला, रुमाल नव्हता, म्हणून माझ्या बाहीला डोळे पुसले.

अग्निशामक दलाची शिडी आली तेव्हा ऊन उतरलं होतं. दोन्ही बायका गप्पा मारत आधी वर गेल्या. माशाला किती आलं घालायचं यावर त्यांचं चाललं होतं. मग खाली आम्ही दोघे आणि नावाडी. नावाडी अजून झोपलेलाच.

"आधी तुम्ही," मी हात पुढे करून म्हणालो. सवय हो, दुसरं काय.

पण फान साहेबांनी 'छे छे' म्हटलंच नाही. त्यांनी "सरका" म्हटलं, माझ्या गुडघ्यावर चिखलाचा बूट ठेवला, माझ्या डोक्याचा आधार घेतला आणि शिडीवर चढले. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. मी मागोमाग चढलो. वर पोचलो तर हात द्यायचं राहिलं बाजूला, ते कमरेवर हात ठेवून उभे.

"वड्यांचा डबा आणलात?"

"खालीच राहिला."

"मग जा की परत, व्याही. नुसते बघताय काय?"

इतक्या लोकांसमोर! हाओ ताई, पांग, अग्निशामक दल, सगळे बघत होते. दिवसभर मला त्या खुर्चीत बसवायला धडपडणारा माणूस मला डबा आणायला पिटाळत होता. आणि मी गेलो. मुकाट्याने, एकेक पायरी उतरत, परत त्या हौदाच्या तळाशी.

डबा सुभेदाराच्या खुर्चीतच होता. मी तो उचलला आणि खुर्चीत बसलो. आता आग्रह करायला कुणी नव्हतं. खुर्ची टोचते, एवढं सांगतो. त्या सुभेदारांचे हाल झाले असणार. डब्यात तळाशी एक शेवटची वडी राहिली होती. मी ती तोंडात टाकली. भयंकर गोड. पण त्या फुलांचा वास होता काहीतरी.

"व्याही! मिळाला का डबा?" वरून आवाज आला.

"मिळाला!" मी भरल्या तोंडाने ओरडलो. "रिकामा आहे!"